‘ओक्लाहोमा!’साठी वर्गणी

संगीत नाटक बसवणं म्हणजे लग्नघर चालवणं, असं आमचे एक जुने व्यवस्थापक म्हणत. गद्य नाटकाला चार माणसं, एक दिवाणखाना आणि दोन दरवाजे मिळाले की पडदा उघडता येतो. संगीत नाटकाला ऑर्गनवाला हवा, तबलजी हवा, गाणारी माणसं हवीत आणि त्यांच्या गळ्यांची काळजी घेणारं कुणीतरी हवं. तालीम आठ दिवस वाढली की खर्च आठ दिवसांचा वाढतो. पैसा मात्र पडदा उघडल्यावरच येतो, तोही आला तर.

मी तरुणपणी दिवसा कचेरीतली नोकरी करून संध्याकाळी एका नाट्यसंस्थेची हिशेबाची वही लिहीत असे. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं आता उत्तर द्यायला नाहीत. तिथे एका नव्या संगीत नाटकाच्या तालमी गणपतीत सुरू झाल्या. दिवाळीनंतर पडदा उघडायचा होता. ज्यांनी भांडवल देतो म्हणून सांगितलं होतं त्या गृहस्थांनी एक दिवस तालीम पाहिली, चहा घेतला, चाली सुरेख आहेत म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. मग आम्ही दारोदार हिंडलो. सगळीकडे एकच उत्तर. नाव असलेला नट नाही, विनोद नाही, हे कोण पाहणार? पडदा उघडायला पुढचा गणपती उलटून गेला. तोवर नायिका बदलली होती, दोन चाली बदलल्या होत्या आणि माझ्या वहीत तांबड्या शाईची पानं वाढली होती.

श्रोतेहो, पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकन संगीतिकेच्या इतिहासावरची पुस्तकं वाचताना नेमकी हीच वाक्यं मला भेटली. नट नाही, विनोद नाही, कोण पाहणार? ती बोलली गेली होती न्यूयॉर्कमध्ये, १९४२ च्या हिवाळ्यात. आणि ज्या नाटकाबद्दल बोलली गेली ते पुढे ‘ओक्लाहोमा!’ या नावानं ब्रॉडवेवर सलग पाच वर्षं चाललं. त्या नाटकाचा पडदा उघडेपर्यंतची गोष्ट मला आज सांगायची आहे. पडदा उघडल्यानंतरची पुष्कळांनी सांगितली आहे.

गोष्ट सुरू होते ‘थिएटर गिल्ड’पासून. पहिल्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमधल्या काही नाट्यवेड्यांनी ही संस्था काढली. धंदेवाईक निर्माते ज्या नाटकांना हात लावत नसत ती नाटकं करायची, आणि त्यासाठी वर्गणीदार सभासद गोळा करायचे, ही त्यांची पद्धत. आपल्याकडच्या हौशी संस्थांना ही रीत नवीन नाही. शॉ आणि युजीन ओनील यांची नाटकं गिल्डनं केली, नाव कमावलं. पण तिसाव्या दशकात मंदी आली, बोलपट आला, चांगली माणसं संस्था सोडून गेली. १९३५ साली गिल्डनं जॉर्ज गर्श्विनचं ‘पॉर्गी अँड बेस’ केलं. आज ते अमेरिकेचं श्रेष्ठ ऑपेरा मानलं जातं. तेव्हा त्याचे १२४ प्रयोग झाले आणि घातलेले पैसे बुडाले. १९४२ च्या सुमारास गिल्डच्या खात्यात तीस हजार डॉलरच्या आसपास शिल्लक उरली होती, असं सांगतात. संगीतिकेला त्याच्या तिप्पट पैसे लागणार होते.

गिल्डचा कारभार तेव्हा लॉरेन्स लँग्नर आणि टेरेसा हेलबर्न ही दोन माणसं पाहत. लँग्नर पेशानं पेटंटचा वकील. हेलबर्नबाई बुटक्या, पांढऱ्या केसांच्या आणि हट्टी. १९४० च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टच्या नाट्यगृहात त्यांनी एक जुनं नाटक पुन्हा लागलेलं पाहिलं. लिन रिग्ज या लेखकाचं ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’. गिल्डनंच ते १९३१ साली केलं होतं आणि ६४ प्रयोगांत गुंडाळलं होतं. रिग्ज स्वतः ओक्लाहोमाचा, चेरोकी वंशाचा. ओक्लाहोमा हे राज्य होण्याआधी तो मुलूख ‘इंडियन टेरिटरी’ म्हणून ओळखला जायचा, तेव्हाची ही गोष्ट. शेतावरची एक मुलगी, तिच्यावर जीव असलेला एक गुराखी, आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला शेतावरचा काळवंडलेल्या मनाचा गडी. नाटकात गुराख्यांची जुनी लोकगीतं होती. हेलबर्नबाईंच्या डोक्यात आलं, याची संगीतिका होईल.

त्यांनी रिचर्ड रॉजर्सला विचारलं. रॉजर्स आणि गीतकार लॉरेन्झ हार्ट ही जोडी तेव्हा ब्रॉडवेवर आघाडीची होती आणि तिची सुरुवातही १९२५ साली गिल्डच्याच एका छोट्या कार्यक्रमातून झाली होती. रॉजर्स तयार झाला. हार्ट झाला नाही. शहरी, खट्याळ, शब्दांची कोटी करणारा हा माणूस. गुराखी आणि मक्याची शेतं हा आपला प्रांत नाही, असं त्याला वाटलं. शिवाय तोवर तो दारूत बुडाला होता. दिवसचे दिवस सापडत नसे. शेवटी तो मेक्सिकोला निघून गेला.

इकडे ऑस्कर हॅमरस्टाइन मोकळाच होता. मोकळा म्हणजे कसा? १९२७ च्या ‘शो बोट’चा हा लेखक-गीतकार, पण अलीकडच्या दहा वर्षांत त्याची एकामागून एक नाटकं पडली होती. ‘सनी रिव्हर’ हे त्याचं नाटक ४ डिसेंबर १९४१ ला लागलं. तीन दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. नाटक ३६ प्रयोगांत बंद पडलं. अर्थात ते केवळ युद्धामुळे पडलं असं म्हणता येणार नाही. गंमत अशी की ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’ची संगीतिका करावी हे हॅमरस्टाइनच्याही मनात स्वतंत्रपणे आलं होतं आणि त्यानं ते जेरोम कर्न या थोर संगीतकाराला सुचवलंही होतं. कर्ननं नाही म्हटलं. म्हणजे एका संगीतकाराला नकार देणारा गीतकार आणि एका गीतकाराला नकार देणारा संगीतकार, या दोघांमुळे रॉजर्स आणि हॅमरस्टाइन एकत्र आले.

त्यांनी काम उलट्या क्रमानं केलं. तोवर ब्रॉडवेवर साधारणपणे आधी चाल व्हायची आणि मग तिच्यावर शब्द बसवले जायचे. हॅमरस्टाइननं आधी शब्द लिहिले. पडदा उघडल्यावरच्या पहिल्या गाण्याला त्याला तीन आठवडे लागले. रॉजर्सनं ते कागद हातात घेतले आणि दहा मिनिटांत चाल लावली. ही गोष्ट दोघांनीही पुढे आयुष्यभर सांगितली, त्यामुळे ती थोडी घासूनपुसून चकचकीत झाली असणार, हे धरून चालावं.

नाटक कागदावर तयार होत होतं. आता पैसे.

इथे ब्रॉडवेची रीत थोडी सांगायला हवी. आपल्याकडे नाटक कंपनीचा मालक कर्ज काढायचा. गंधर्व नाटक मंडळीवरचं कर्ज आणि ते फेडण्यासाठी बालगंधर्वांनी केलेले प्रयोग आपण ऐकून आहोतच. न्यूयॉर्कमध्ये सहसा एक सावकार नसतो. पाच-पंचवीस माणसं नाटकाचे हिस्से घेतात. नाटक पडलं तर पैसे गेले, चाललं तर नफ्यात वाटा. या लोकांना तिथे कौतुकानं ‘एंजल’, म्हणजे देवदूत म्हणतात. देवदूतांना वश करण्यासाठी निर्माते त्यांच्यापुढे नाटकाचं गायन-वाचन करतात. कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात पियानो असतो, संगीतकार स्वतः वाजवतो, लेखक गोष्ट सांगतो, एक-दोन नवखे गायक गाणी म्हणतात आणि पाहुण्यांच्या हातात पेले असतात.

चाळीशी गाठलेला रॉजर्स, सत्तेचाळिशीचा हॅमरस्टाइन आणि त्यांच्याबरोबर आल्फ्रेड ड्रेक आणि जोन रॉबर्ट्स ही दोन तरुण गायकमंडळी अशी अनेक घरं हिंडली. वीस वर्षं नाव कमावलेल्या माणसांनी दिवाणखान्यात जाऊन पियानो वाजवायचा आणि कुणी चेक फाडतो का ते पाहायचं! एका आलिशान घरी तर भलीमोठी मंडळी जमली, गाणी झाली, टाळ्या पडल्या आणि एक डॉलरही जमला नाही. ही वार्ता नाटकवाल्यांत पसरली. हेलबर्नबाईंच्या या उद्योगाला लोक ‘हेलबर्नचं खूळ’ म्हणू लागले.

नकार देणारे मूर्ख होते का? मला तसं वाटत नाही. मी हिशेबाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून त्यांची बाजू मांडतो. गिल्ड डबघाईला आलेली. मूळ नाटक ६४ प्रयोगांत पडलेलं. संगीतकाराचा जोडीदार सुटलेला. गीतकार दहा वर्षं अपयशी. दिग्दर्शक रूबेन मामूलियन, ज्यानं ‘पॉर्गी अँड बेस’ दिग्दर्शित केलं होतं, म्हणजे ज्याच्या मागच्या संगीतिकेत पैसे बुडाले होते. नृत्यं बसवायला अ‍ॅग्नेस डी मिल ही बॅलेवाली. नाटकात एकही मोठं नाव नाही. ब्रॉडवेच्या संगीतिकेत पडदा उघडताच सुंदर मुलींचा ताफा नाचत यायचा, इथे पडदा उघडला की एक म्हातारी अंगणात बसून लोणी काढतेय आणि गाणं येतंय ते पडद्याआडून. भरीला दुसऱ्या अंकात एका माणसाचा मृत्यू. हा सगळा तपशील माझ्यापुढे आला असता तर मीही वहीत ‘नको’ असाच शेरा मारला असता.

त्यात आणखी एक पेच होता आणि माझ्या मते पैसे न जमण्याचं ते मोठं कारण होतं. त्या काळात हॉलिवूडच्या कंपन्या ब्रॉडवेच्या नाटकांत पैसे घालायच्या. बदल्यात त्यांना चित्रपटाचे हक्क मिळायचे. पण ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’चे चित्रपटहक्क एमजीएम कंपनीकडे आधीच होते. त्यामुळे दुसरी कुठलीही कंपनी या नाटकाला हात लावेना. पैसे आमचे आणि चित्रपट एमजीएमचा, हा व्यवहार कोण करील? आणि एमजीएमला विचारलं तर तीही पैसे घालायला तयार नव्हती. शेवटी गिल्डनं एमजीएमकडून एवढं मात्र कबूल करून घेतलं की नाटक लागल्यावर तीस दिवसांच्या आत चाळीस हजार डॉलर भरले तर हक्क परत मिळतील. एमजीएमला तो फुकटचा फायदा वाटला असणार. पडणाऱ्या नाटकाचे हक्क कोण परत घेणार?

मग हेलबर्नबाई एकेकाला गाठत सुटल्या. कोलंबिया कंपनीचा प्रमुख हॅरी कोन हा हॉलिवूडमधला उर्मट म्हणून गाजलेला माणूस. त्याला गाणी आवडली. त्यानं कंपनीचे पैसे लावायचं ठरवलं, पण त्याच्या संचालकांनी नाही म्हटलं. तेव्हा त्यानं स्वतःच्या खिशातून पंधरा हजार डॉलर दिले. कोनसारखा पक्का माणूस पैसे घालतो म्हटल्यावर मॅक्स गॉर्डन हा निर्माताही हिस्सा घ्यायला तयार झाला. पैसा पैशाला बोलावतो तो असा.

पुढचा किस्सा एस. एन. बेहरमन या नाटककाराचा. त्याची नाटकं गिल्डनं रंगभूमीवर आणली होती, तो नावारूपाला आला तो गिल्डमुळे. बाईंनी त्याला गाठून सांगितलं, वीस हजार डॉलर दे. हे तर चक्क मानगुटीवर बसून पैसे काढणं झालं, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, हो, झालं खरं. त्यानं पैसे दिले. सांगणारे हा किस्सा हसत सांगतात. पण एका लेखकाकडे जुन्या उपकारांची आठवण देऊन पैसे मागताना त्या बाईंना काय वाटलं असेल, हे वसुलीला हिंडलेल्या माणसाला कळतं.

असे जमत जमत पैसे झाले. नाटक उभं करायला एकूण ८३ हजार डॉलरच्या आसपास खर्च आला. तेव्हाच्या मानानंही संगीतिकेसाठी ही फार मोठी रक्कम नव्हती.

आता या उशिराबद्दल थोडं बोलतो. कल्पना सुचली १९४० मध्ये आणि पडदा उघडला १९४३ मध्ये. हा काळ केवळ वाया गेला का? गिल्डला पैसे लगेच मिळाले असते आणि हार्ट हो म्हणाला असता तर १९४१ सालीच एक संगीतिका आली असती. पण ती हॅमरस्टाइनची नसती. आणि डी मिलचीही नसती, कारण तिचं ज्यामुळे नाव झालं ते गुराख्यांवरचं बॅलेनृत्य ‘रोडिओ’ न्यूयॉर्कला झालं ते १६ ऑक्टोबर १९४२ ला. ते पाहूनच तिला बोलावणं गेलं. पात्रांची निवड करताना हेलबर्नबाईंच्या मनात मोठी नावं होती. नायिका म्हणून शर्ली टेंपल आणि फिरत्या विक्रेत्याच्या कामासाठी विनोदी नट ग्राउचो मार्क्स. नावं आली असती तर पैसेही आले असते. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी ते मानलं नाही, त्यांना भूमिकेला शोभणारी माणसं हवी होती. मेरी मार्टिन या गायिकेला नायिकेचं काम देऊ केलं होतं, तिनं त्याऐवजी दुसरं एक नाटक घेतलं. ते नाटक ब्रॉडवेपर्यंत पोचलंच नाही. शेवटी नायक-नायिका झाले ते दिवाणखान्यांत गाणी म्हणत हिंडलेले ड्रेक आणि रॉबर्ट्स.

गरिबीमुळे कला फुलते असं म्हणण्याचा मोह इथे होतो. मी तो आवरतो. गरिबीमुळे मेलेली नाटकं कुणी मोजत नाही, कारण ती कुणी पाहिलेली नसतात. इतकंच म्हणतो की या एका नाटकाला पैसे देणाऱ्यांनी जे बदल मागितले असते ते मागायला कुणी नव्हतं, कारण पैसे देणारंच कुणी नव्हतं.

नाटकातला एक प्रसंग मला म्हणूनच फार आवडतो. गावात नवी शाळा बांधायची असते. त्यासाठी वर्गणी गोळा करायला मुलींनी भरलेल्या फराळाच्या टोपल्यांचा लिलाव होतो. जो मुलगा जास्त बोली लावेल त्यानं त्या मुलीबरोबर बसून खायचं. नायिकेच्या टोपलीवर तो काळ्या मनाचा गडी साठवलेली सगळी रक्कम लावतो. नायकाकडे रोख काहीच नसतं. तो आधी खोगीर विकतो, मग घोडा, मग बंदूक. गुराख्याचं तेवढंच भांडवल. दिवाणखान्यांत हिंडून आलेल्या हॅमरस्टाइननं हा प्रसंग लिहिताना मनात काय योजलं होतं, हे मी सांगू शकत नाही. पण प्रेक्षकांत बसलेल्या गिल्डच्या माणसांना तो वेगळाच लागत असणार.

११ मार्च १९४३ ला न्यू हेवनच्या शुबर्ट नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. तेव्हा नाटकाचं नाव होतं ‘अवे वी गो!’. ब्रॉडवेवर येण्याआधी बाहेरगावी प्रयोग करून नाटक घासून घ्यायची तिथे रीत आहे, आणि न्यूयॉर्कचे जाणकार त्या प्रयोगांना मुद्दाम जातात. त्या रात्रीही गेले. मध्यंतरातच काही जण स्टेशनकडे वळले. ‘मुली नाहीत, विनोद नाहीत, या नाटकाला आशा नाही’ अशा अर्थाचा शेरा दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कभर झाला. तो कुणाचा, यावर आजही वाद आहेत. एक जण निर्माता माइक टॉडचं नाव घेतो, दुसरा एका वार्ताहराच्या सेक्रेटरीचं. शेरा ऐकून काही हिस्सेदारांनी आपले हिस्से कमी केले, मिळेल त्या भावात दुसऱ्याला विकले. वरवर पाहता शहाणपणाचाच निर्णय.

तिथून मंडळी बॉस्टनला गेली. तिथे नृत्याच्या ताफ्यात गोवर निघाला. डी मिललाही त्यानं गाठलं. तापानं फणफणलेल्या मुली पुठ्ठ्यावरच्या रंगासारखा मेकअप थापून नाचत होत्या. याच बॉस्टनमध्ये शेवटच्या भागातल्या एका गाण्याचं रूप पालटलं. असं सांगतात की पूर्वी कधीतरी हेलबर्नबाईंनी टॅक्सीतून जाता जाता हॅमरस्टाइनला म्हटलं होतं, या मातीबद्दल एखादं गाणं हवं. त्यातून ते गाणं आलं. आधी ते एकल आणि नाचाबरोबर होतं. बॉस्टनमध्ये रॉबर्ट रसेल बेनेट यानं ते सगळ्या संचाच्या आवाजांत बांधलं. मंडळी रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंत चालत आली आणि गाऊ लागली. प्रेक्षक उठून उभे राहिले. त्या गाण्यात मुलखाचं नाव होतं, तेच नाटकाचं नाव झालं. पुढे उद्गारचिन्हही लागलं.

३१ मार्च १९४३, न्यूयॉर्कचं सेंट जेम्स नाट्यगृह. पहिल्याच प्रयोगाला खुर्च्या रिकाम्या होत्या. गिल्डच्या माणसांनी रस्त्यावरून जाणाऱ्या सैनिकांना आत बोलावलं, असं सांगतात. दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर रांग लागली. ती २९ मे १९४८ पर्यंत, २,२१२ प्रयोग होईतो तुटली नाही. लंडनला १९४७ साली युद्धानं थकलेल्या, रेशनवर जगणाऱ्या प्रेक्षकांनी ते दीड हजारांहून अधिक प्रयोग उचलून धरलं. गिल्डनं चाळीस हजार डॉलर भरून एमजीएमकडून हक्क सोडवून घेतले, आणि न्यू हेवनला हिस्से विकलेल्यांनी आयुष्यभर ती रात्र आठवली.

पैशाची ही गोष्ट सगळ्यांसाठी सारखी गोड नव्हती. डी मिलनं नाटकाचं रूपच बदललं होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी नायिकेच्या मनातली भीती तिनं शब्दाविना, पंधरा मिनिटांच्या नृत्यातून उभी केली. पण तिच्याशी करार झाला होता ठोक रकमेचा. नृत्यावर हक्क असतो ही कल्पनाच तेव्हा नव्हती. पुढे तिला आठवड्याला थोडी रक्कम मिळू लागली तीही भांडून. नृत्यदिग्दर्शकांचे हक्क हा पुढे तिच्या आयुष्याचा एक विषयच झाला.

आणि लॉरेन्झ हार्ट. पहिल्या रात्री तो प्रेक्षकांत होता. प्रयोग संपल्यावर सार्डीज या नाटकवाल्यांच्या हॉटेलात त्यानं रॉजर्सला गाठलं, मिठी मारली आणि हे नाटक वीस वर्षं चालेल अशा अर्थाचं काही बोलला. ज्या नाटकाला आपण नाही म्हटलं त्याचं कौतुक करायला फार मोठं मन लागतं. रॉजर्सनं त्याला कामात गुंतवावं म्हणून एका जुन्या नाटकाचं पुनरुज्जीवन काढलं. हार्टनं त्यासाठी नवी गाणी लिहिली. १७ नोव्हेंबर १९४३ ला ते लागलं. त्या रात्री तो नाट्यगृहातून बाहेर काढला गेला, कोटाविना थंडीत हिंडला, आणि २२ नोव्हेंबरला न्यूमोनियानं गेला. वय ४८. ब्रॉडवेवर ‘ओक्लाहोमा!’च्या तिकिटांसाठी तेव्हा माणसं वशिले लावत होती.

हॅमरस्टाइननं मात्र एक छान गोष्ट केली. यशाच्या त्या वर्षअखेरीला ‘व्हरायटी’ या नाट्यव्यवसायाच्या साप्ताहिकात सगळे आपापल्या यशाच्या जाहिराती देत होते. यानं जाहिरात दिली ती आपल्या पडलेल्या नाटकांची. कुठलं नाटक किती आठवडे चाललं याची यादी, आणि खाली, हे मी पूर्वी केलंय, पुन्हाही करू शकेन, अशा अर्थाचं एक वाक्य.

याच १९४३ साली सांगलीला मराठी रंगभूमीचा शताब्दी महोत्सव झाला. विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’ला शंभर वर्षं झाली होती. अध्यक्ष होते स्वातंत्र्यवीर सावरकर. बोलपटानं संगीत नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं, आणि तरी माणसं जमली होती. दोन्हीकडे काळ तसा एकच होता. तिकडे बोलपटवाल्यांकडूनच नाटकाला पैसे यायचे, इकडे नट बोलपटात जायचे, एवढाच फरक.

आणि आमच्या त्या नाटकाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. आमचं नाटक अकरा प्रयोगांत संपलं. नकार देणाऱ्यांनी आम्हाला तीच वाक्यं ऐकवली होती जी हेलबर्नबाईंना ऐकवली गेली, आणि आमच्या बाबतीत ती खरी ठरली. नाटक वाईट नव्हतं. दुसऱ्या अंकातलं एक पद मी अजून गुणगुणतो. ती वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर ऑर्गनवाल्या काकांच्या नावापुढे सात तालमींचे साठ रुपये देणं दाखवलं आहे. काकांनी ते कधी मागितले नाहीत. एकदा दादरला स्टेशनवर भेटले तेव्हा मीच विषय काढला, तर म्हणाले, अहो, त्या पदाची अंतऱ्याची जागा मी शेवटी बदलली होती, तुमच्या लक्षात आली का? मला आली नव्हती. तसं मी सांगितलं, तेवढ्यात त्यांची गाडी आली.